फितुराला काय हवंय

१

दुपारी एक वाजला की ऑफिसातल्या बाकीच्या बायका डबे उघडत आणि सुनेत्रा परब मोबाइल उघडत असे. डबा तिचाही असे, पण तो भांडता भांडता संपून जाई. रोज एवढं कोणाशी भांडतेस, असं शेजारच्या टेबलावरच्या राधाबाईंनी एकदा विचारलं, तेव्हा तिने खरं ते सांगून टाकलं. नागपूरचा एक मुलगा आहे, त्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही, पण तो एका माणसाला नाही नाही ते बोलतो आणि मी ते खपवून घेणार नाही. राधाबाईंनी पुढे काही विचारलं नाही. दादरच्या त्या विम्याच्या ऑफिसात सतरा वर्षं शेजारी काढल्यावर त्यांना एवढं कळलं होतं की सुनेत्राचा पारा चढला की आपण आपली भाजी-पोळी खावी.

तो माणूस म्हणजे मोबाइलवरच्या एका गेममधला खलनायक होता. परळला एका बंद गिरणीच्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली होती आणि तिच्यात बसून तीन मुलांनी हा 'संप' नावाचा गेम बनवला होता. तिथले कापड विणायचे साचे भंगारात गेले तेव्हा ही मुलं जन्मालाही आली नव्हती. गेम तसा सोपा. साल ब्याऐंशी, गिरणगावातली चाळ, लांबलचक गॅलरी, बारा दारं. तुम्ही शेवटच्या खोलीतले संपकरी. भर दुपारी जिन्यावर पावलं वाजतात आणि फितूर वर येतो, म्हणजे संप फोडून कामावर जाणारा माणूस. तो एकेक दार मुठीने ठोठावत पुढे सरकतो. तुम्ही आत गप्प बसायचं. स्टोव्ह बंद, रेडिओ बंद, भांड्याला भांडं लागता कामा नये. गप्प राहिलात तर तो निघून जातो. आवाज केलात तर तो तुमच्या दारापाशी थांबतो, आणि दार उघडलंत तर पडदा काळा होतो. तो आत येऊन काय करतो हे बनवणाऱ्यांनी दाखवलंच नव्हतं.

तेवढ्यावर फेसबुकवर चार हजार माणसांचा ग्रुप चालला होता. फितुराला नक्की काय हवंय, हा एकच विषय. ठाण्याच्या एकाचं म्हणणं, तो मालकाचा माणूस आहे, संपकऱ्यांची यादी करतोय. पुण्याच्या एका बाईंना तो पहिल्या लेव्हलपासूनच मेलेला वाटत होता. नागपूरच्या उत्तमने तर सात लांब पोस्टी लिहून सिद्ध केलं होतं की जो स्वतःच्या माणसांशी बेइमान झाला त्याला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, बस, यापलीकडे त्याला काही नको. उत्तमला चारशे लाइक आले होते. सुनेत्राने ते मोजले आणि तिची कानशिलं तापली.

कारण हे सगळे एका कार्टूनबद्दल बोलत होते आणि ती तिच्या बापाबद्दल ऐकत होती.

२

दौलत परब साचेवाला होता. वीस वर्षं त्याने एकाच गिरणीत कापड विणलं. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप लागला आणि दौलत बाकीच्यांबरोबर घरी बसला. त्याच वर्षी डिसेंबरात कोणीतरी उठवलं की तो चोरून कामावर जातो. घोडपदेवच्या त्याच्याच चाळीतल्या माणसांनी त्याला चौकात घेरून मारलं. तो कसाबसा वर आला आणि गॅलरीतलं प्रत्येक दार वाजवत गेला, माझं ऐकून तरी घ्या म्हणत. एकानेही उघडलं नाही. शेवटचं दार त्याचं स्वतःचं होतं, पण त्याच्यासमोर माणसं उभी होती. तिथूनच तो मागे फिरला आणि जिना उतरून गेला तो गेलाच. आत त्याच्या बायकोने, मालनने, सात वर्षांच्या सुनेत्राला छातीशी घट्ट धरून ठेवलं होतं.

दौलतचं नाव चाळीला कोणी दिलं हे मालनने कधीच सांगितलं नाही. सुनेत्राने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं: पहिल्या मजल्यावरचा गंगाधर तावडे. संपाच्या कमिटीत तो होता, त्या दिवशी सगळ्यांच्या पुढेही तोच होता. गेली पस्तीस वर्षं ती जिन्यात त्याच्याकडे न बघता पुढे जात असे, आणि गणपतीत त्याच्या घरचा प्रसाद आला की त्याच्या देखत कावळ्यांना घाली. म्हातारा खाली मान घालून बघत राही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय, असं तिला वाटे आणि बरं वाटे.

गेमची लिंक तिला तिच्या मावसभावाने, लवूने पाठवली होती. अगदी आपल्या चाळीसारखी आहे बघ, असं त्याने लिहिलं होतं. ती खेळायला बसली ती रागानेच. पहिल्या रविवारी दुपारी घरी आवाज चालू ठेवून खेळत असताना तिच्या लक्षात आलं की फितूर दारं ठोठावत नाही. तो तळहात दारावर सपाट ठेवून वरून खाली फिरवत होता, अंगठा बाजूला धरून, सावकाश. एक दार झालं की पुढचं.

तिने मोबाइल खाली ठेवला. साच्यावरून कापड उतरलं की साचेवाला असा हात फिरवतो. तुटलेला धागा डोळ्याला दिसायच्या आधी हाताला लागतो. दौलतला ती सवयच जडली होती. चादर असो, तिचा शाळेचा झगा असो, की भिंत असो, त्याचा हात असाच वरून खाली जायचा.

गेमवाल्यांनी कुणा जुन्या कामगाराला बोलावून बघून घेतलं असेल, असा तिने विचार केला. अभ्यास करतात हल्ली. पण त्याच वेळी मोरीपाशी बसलेली मालन उठली. गुडघ्यांनी ती बेजार होती, उठायला तिला दोन मिनिटं लागत. तरी ती उठली, फळीवरून जेवणाचं तिसरं, दौलतचं ताट काढलं आणि पदराने पुसलं.

"इले वाटतां," ती म्हणाली.

मग ती तशीच ताट धरून उभी राहिली. मोबाइलकडे तिने पाहिलं नव्हतं, मोबाइलवर काय चाललंय हे तिला माहीतही नव्हतं. थोड्या वेळाने तिने ताट परत फळीवर ठेवलं आणि सुनेत्राला विचारलं, चहा टाकू का.

३

सोमवारी सुनेत्राने ग्रुपवर विचारलं, तो हात असा का फिरवतो. लोकांना प्रश्नच कळला नाही. मुठीने ठोठावतो की ताई, असं दहा जणांनी लिहिलं, तिघांनी व्हिडिओ टाकले. व्हिडिओत तो मुठीने ठोठावत होता. तिने गेमवाल्यांना मेल केला. फितुराला आम्ही चालणं आणि ठोठावणं एवढंच दिलंय, असं त्यांचं नम्र उत्तर आलं, वर हसरा चेहरा. त्या चेहऱ्याने तिचं डोकं आणखी फिरलं. तुमच्या काचेच्या घरात बसून आमच्या माणसांना भूत बनवता आणि वर हसता, असं तिने उलट लिहून पाठवलं.

फोन जुना होता, चार वर्षांचा. जुन्या फोनवर चित्रं वाकडी दिसतात, हे तिला पटण्यासारखं होतं. आवाजही वाकडा येत असेल, तेही तिने पटवून घेतलं. आईचं वय झालं, तिला भास होतात. सगळ्याला उत्तर होतं, आणि उत्तरं मिळाली की माणसाने गप्प बसावं. सुनेत्राला गप्प बसता येत नव्हतं. त्या आठवड्यात उत्तमने आठवी पोस्ट टाकली तेव्हा तिने डबा बाजूला सारला आणि आयुष्यात लिहिलं नव्हतं एवढं लिहून काढलं.

तिने लिहिलं की तो फितूर नाहीच. त्याच्यावर आळ आलाय. कोणीतरी खोटं सांगितलं आणि चाळीने न विचारता खरं मानलं. तो दारोदार फिरतो तो ते खोटं सांगणाऱ्याला शोधत. ज्याच्या दारापाशी तो थांबतो तिथे गुन्हेगार राहतो. तुम्ही निर्दोष असाल तर तुम्हाला कसली भीती, उघडा दार. मी पन्नास वेळा उघडलंय. पडदा काळा होतो ती बनवणाऱ्यांची भीती, त्याचा दोष नाही.

पोस्ट अशी चालली की तिलाच विश्वास बसेना. बाराशे लाइक. पुण्याच्या बाईंनी रडू आलं म्हणून लिहिलं. आता कुणाच्या गेममध्ये तो थांबला की बाकीचे खाली लिहीत, काय मग, कोणाबद्दल खोटं बोललात? उत्तमनेसुद्धा मान्य केलं की थिअरीत दम आहे. सुनेत्राने त्या दिवशी राधाबाईंना स्वतःच्या पैशाने पीयूष पाजलं.

त्यानंतर तो तिच्या दारापाशी थांबायला लागला.

तिने आवाज केला नव्हता. गेममधला स्टोव्ह बंद, रेडिओ बंद, ती बोटसुद्धा लावत नव्हती. अकरा दारांवरून हात फिरवत तो यायचा, बाराव्यापाशी थांबायचा आणि तिथेच राहायचा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, डब्याची सुट्टी संपेपर्यंत. तिने आधी ते हसण्यावारी नेलं. मग गेम काढून परत टाकला. मग राधाबाईंच्या नव्या कोऱ्या फोनवर टाकून पाहिला. त्यांनी खेळला तेव्हा तो मुठीने ठोठावत निघून गेला. तिने हातात घेतला तेव्हा तो थांबला. राधाबाईंना दाखवायला तिने फोन वळवला, तर त्या म्हणाल्या, अगं कुठे आहे, गेला की तो. तिने रेकॉर्डिंग करून ग्रुपवर टाकलं. त्यात रिकामी गॅलरी होती. ताई, फेकू नका, असं खाली पहिलंच आलं.

तिला भीती वाटायला हवी होती, पण तिला संताप आला. थांबायचं तर त्या तावड्याच्या दारापाशी थांब, असं ती ऑफिसात मोठ्याने बोलून गेली. मी तुझ्यासाठी चार हजार लोकांशी भांडते आणि तू माझ्याच दाराशी उभा राहतोस. सगळ्यांनी वळून पाहिलं. राधाबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

४

रविवारी दुपारी, मालन जेवून आडवी झाल्यावर, ती पहिल्या मजल्यावर उतरली. आज म्हाताऱ्याच्या तोंडून काढून घ्यायचं, रेकॉर्ड करायचं आणि सगळ्यांना ऐकवायचं, असं तिने ठरवलं होतं. गंगाधर तावडे खाटेवर बसून नखं कापत होता. ऐंशीच्या पुढचा माणूस. पस्तीस वर्षांत तिने पहिल्यांदाच त्याचा उंबरा ओलांडला होता. त्याने उठायचा प्रयत्न केला, तेव्हा तिने त्याला बसूनच राहा म्हणून सांगितलं. तिने फोन त्याच्यासमोर धरला आणि इतक्या वर्षांचं सगळं त्याच्यावर ओतलं. आई दहा घरची धुणीभांडी कशी करायची, शाळेत तिला फितुराची पोर कसं म्हणायचे, तिचं जमलेलं लग्न कसं मोडलं, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. म्हातारा ऐकत होता.

"नाव कोणी दिलं, एवढं बोला," ती म्हणाली.

"तो फोन बंद कर आधी."

"नाही करणार."

गंगाधरने नखांचे तुकडे कागदात गोळा केले, कागदाची पुडी केली आणि उशाशी ठेवली.

"तू दिलंस, सुनू," तो म्हणाला. "संपाचा अकरावा महिना होता. चाळीत एकाच्याही डोक्यात कापसाचा तंतू दिसायचा नाय. आणि तू गॅलरीत आलीस मुठीत कापूस घेऊन. बाबांच्या केसांतून काढला म्हणालीस. माझे बाबा परत मिलमध्ये जायला लागले, असं पोरांना सांगत होतीस. काय खूश होतीस तू. आम्ही सगळे तिथेच उभे. सात वर्षांची पोर, ती कशाला खोटं बोलेल?"

हे खोटं आहे म्हणायला तिने तोंड उघडलं. गंगाधर थांबला नाही. चार दिवसांनी भायखळ्याचा गादीवाला विचारत आला होता, दौलत का येत नाही म्हणून. महिनाभर दौलत त्याच्याकडे कापूस पिंजायला बसत होता. साचेवाला माणूस, वीस वर्षांचा कारागीर, गाद्या भरायला जातो हे घरी कुठल्या तोंडाने सांगणार? चाळीला कळलं तेव्हा उशीर झाला होता. मालनने मग सगळ्यांना खालच्या देवळात नेलं आणि एकेकाकडून शब्द घेतला. काय वाटेल ते होवो, पण पोरीच्या कानावर हे जाता कामा नये.

"तू मला शिव्या घातल्यास, मी घेतल्या," गंगाधर म्हणाला. "मारणाऱ्यांत माझा हात होता, त्याची ती फेड. पण नाव माझं नव्हतं. आज तू आईच्या कष्टांचं काढलंस, म्हणून बोललो."

सुनेत्रा जिना चढून वर आली. तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पण मला आठवत नाही म्हणून ते झालंच नाही, असं उत्तमने लिहिलं असतं तर तिने त्याची सालटी काढली असती. तिला म्हाताऱ्याचा राग आला, शब्द घेणाऱ्या आईचा आला, आणि सगळ्यांत जास्त राग बापाचा आला. गादी भरणं ही काय लाजेची गोष्ट होती? एका शब्दाने सांगितलं असतंस तर ती पोर गप्प बसली असती. पोर म्हणताना ती कोणा दुसऱ्याच मुलीबद्दल बोलत होती.

५

घरात येऊन तिने दार लावलं, खालची कडी घातली. गेम काढून टाकला, फोन बंद केला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. मालन भिंतीकडे तोंड करून पडली होती. तीन वाजले होते. शेजारी क्रिकेटची मॅच लागली होती, कोणाकडे तरी कुकर शिट्ट्या देत होता, गॅलरीत मुलं दंगा करत होती. सुनेत्रा आईच्या पाठीकडे बघत बसली. हिला काय विचारायचं आणि कसं, हे तिला समजेना. इतकी वर्षं सगळी चाळ आपल्याला फसवत होती आणि तेही आपल्यासाठी, याचा राग तरी कसा करायचा, तेही समजेना.

पहिल्यांदा मुलांचा आवाज थांबला. मग मॅचचा. कोणीतरी पटकन बंद केल्यासारखा तो मध्येच तुटला. कुकरची शिट्टी अर्धी होऊन राहिली.

गॅलरीच्या जिन्याकडच्या टोकाला, पहिल्या दारावर, हात फिरला.

कोणीतरी दारं पुसत असेल, असं तिने मनाशी म्हटलं. रंगारी येणार होते, ते आधी लाकूड घासून बघतात. मग दुसरं दार झालं. तिसरं झालं. लाकडावरून कातडी घासत जाण्याचा तो कोरडा आवाज, आणि मध्ये दोन पावलं. फोन बंद होता, साड्यांखाली होता, तिने स्वतःच्या हाताने ठेवला होता. रंगारी रविवारी येत नाहीत. चाळीतला एकही माणूस कोण आहे म्हणून विचारत नव्हता. सगळे आत गप्प बसले होते.

अकरावं दार झालं. मग दोन पावलं, आणि मग तिच्या दारावर वरच्या चौकटीपासून हात खाली यायला लागला. एका जागी तो अडखळला, तेवढ्या जागेवरून पुन्हा फिरला, आणि खाली गेला. त्यानंतर काही नाही.

ती उठली. दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. पाहायचं नाही असं ठरवूनच तिने डोळा लावला. समोर गॅलरीचा कठडा होता, कठड्यावर दुपारचं ऊन होतं, माणूस नव्हता. तिने श्वास सोडला. मग तिची नजर खाली गेली.

तो उंबऱ्याशी उकिडवा बसला होता. तोंड दिसत नव्हतं, कारण त्याने डोकं दाराकडे पुढे झुकवून खाली घातलं होतं, अगदी सात वर्षांच्या मुलीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. केसांत पांढरं होतं. पिकलेलं होतं की कापूस होता, ते तिने पाहिलं नाही. तो कोणालाही शोधत नव्हता. हललाही नाही. कामावरून आलेला माणूस जसा वाट बघतो तसा तो वाट बघत होता, आणि त्याला घाई नव्हती.

पाठीमागे मालन हाताचा आधार घेत उठून बसली.

"इले काय गो?" ती म्हणाली. "उघड. किती वेळ भायर उभे ठेवतलंस?"

उघडा, असं सुनेत्राने चार हजार माणसांना सांगितलं होतं. तुम्हाला कसली भीती, असं विचारलं होतं. तिने हात वर नेला. तिने वरची कडीही घातली, आवाज होणार नाही अशा बेताने.

"कोण नाय, आई," ती म्हणाली. "कोण पण नाय."